एकच आकाश, दोन यंत्रणा : लष्करी विमाने आणि नागरी हवाई वाहतूक नियंत्रण यांतील संपर्कव्यवस्था

१. प्रस्तावना

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांना एक अनुभव परिचयाचा आहे. प्रवासी विमान उड्डाणास सज्ज होऊन धावपट्टीच्या अलीकडे थांबलेले असते, आणि त्याच धावपट्टीवरून भारतीय हवाई दलाची सुखोई विमाने एकापाठोपाठ एक झेपावत असतात. काही मिनिटांनी प्रवासी विमानासही परवानगी मिळते आणि तेही मार्गस्थ होते. प्रवाशांच्या दृष्टीने हा केवळ थोडासा विलंब असतो. परंतु या काही मिनिटांमागे वेग, हेतू, उपकरणे आणि शिस्त या सर्वच बाबतींत भिन्न असलेल्या दोन यंत्रणांचा परस्परसंवाद दडलेला असतो. हा संवाद यशस्वी झाला तर त्याची वार्ता होत नाही. तो तुटला तर मात्र शेकडो जीव जातात.

लष्करी विमाने नागरी नियंत्रकांशी कोणत्या मार्गाने बोलतात, हा प्रश्न वरवर पाहता रेडिओच्या तंत्राचा वाटतो. प्रत्यक्षात तंत्र हा त्याचा एक भाग आहे. हा संपर्क तीन स्तरांवर चालतो : वैमानिक व नियंत्रक यांच्यातील आवाजाचा संपर्क, रडारच्या पडद्यावर विमानाची ओळख पटविणारा इलेक्ट्रॉनिक संपर्क, आणि जमिनीवरील नागरी व लष्करी केंद्रांमधील समन्वय. या तीन स्तरांचे कार्य स्पष्ट करणे आणि यांपैकी एखादा स्तर गृहीत धरला गेला असता काय घडते, हे प्रत्यक्ष घटनांच्या आधारे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. कायद्याची चौकट

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा पाया ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या कराराने घातला गेला. या कराराचे तिसरे कलम येथे महत्त्वाचे आहे. या कलमानुसार करारातील तरतुदी केवळ नागरी विमानांना लागू होतात. लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमाने ही 'राज्याची विमाने' मानली जातात व ती कराराच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजेच नागरी वैमानिकावर बंधनकारक असलेले आंतरराष्ट्रीय नियम लष्करी वैमानिकावर आपोआप बंधनकारक होत नाहीत.

तथापि याच कलमात एक जबाबदारीही नमूद आहे. आपल्या राज्याच्या विमानांसाठी नियम करताना प्रत्येक देशाने नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य ती दखल घेतली पाहिजे, असे ते बजावते. लष्करी विमानास सूट आहे; ती बेपर्वाईची मुभा नव्हे, असा या तरतुदीचा आशय आहे. ही दखल नेमकी कशी घ्यावयाची हे मात्र प्रत्येक देशाने ठरवायचे असल्याने निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या आहेत.

व्यवहारात लष्करी उड्डाणांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात लष्करी विमान नागरी विमानाप्रमाणेच ठरलेल्या हवाई मार्गाने, नागरी नियम पाळून व नागरी नियंत्रकांच्या आदेशानुसार जाते. मालवाहू विमानांची एका तळावरून दुसऱ्या तळावर होणारी ये-जा बहुधा या प्रकारात मोडते. दुसऱ्या प्रकारात लढाऊ सराव, हवेतल्या हवेत इंधन भरणे, नेमबाजी अशी कामे असतात. ही कामे हवाई मार्गांच्या शिस्तीत बसणारी नसतात. त्यांच्यासाठी वेगळे क्षेत्र राखून ठेवले जाते आणि तेथे नियंत्रण लष्कराचे असते. कोणत्याही क्षणी विमान यांपैकी कोणत्या प्रकारात आहे, याविषयी वैमानिक आणि दोन्ही बाजूंचे नियंत्रक यांच्या मनात एकच उत्तर असणे ही सुरक्षिततेची पहिली अट होय.

३. पहिला स्तर : आवाजाचा संपर्क

नागरी विमाने व नियंत्रक यांच्यातील संभाषण प्रामुख्याने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या अति उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात, म्हणजे व्हीएचएफवर चालते. अनेक देशांच्या लष्करी विमानांसाठी मात्र २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ हा त्याहून वरचा, यूएचएफ नावाने ओळखला जाणारा पट्टा राखलेला असतो. दोन्ही पट्टे वापरू शकणारे संच आधुनिक लष्करी विमानांत सामान्यतः असतात. परंतु सर्वच विमानांत ते असतात असे गृहीत धरता येत नाही.

विमानात कोणते संच आहेत, हे नियंत्रकास उड्डाणापूर्वीच कळावे अशी व्यवस्था आहे. प्रत्येक उड्डाणाचा आराखडा ठरावीक नमुन्यात सादर केला जातो. त्यात उड्डाणाचा प्रकार एका अक्षराने दर्शवितात. नियमित प्रवासी सेवेसाठी 'एस', तर लष्करी उड्डाणासाठी 'एम' हे अक्षर असते. उपकरणांच्या रकान्यात 'व्ही' म्हणजे व्हीएचएफ, 'यू' म्हणजे यूएचएफ, तर 'एच' म्हणजे दूर पल्ल्याचा उच्च वारंवारतेचा संच. एका अक्षराच्या या नोंदीवरून नियंत्रकास या विमानाशी कोणत्या पट्ट्यात बोलता येईल हे समजते.

आणीबाणीसाठीही दोन वारंवारता निश्चित आहेत : नागरी १२१.५ मेगाहर्ट्झ आणि लष्करी २४३ मेगाहर्ट्झ. दुसरी पहिलीच्या बरोबर दुप्पट आहे. परंतु नागरी प्रवासी विमानात २४३ मेगाहर्ट्झ ऐकण्याची सोय सामान्यतः नसते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

येथे संभाषणाच्या स्वरूपाविषयी दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे हे संभाषण दूरध्वनीसारखे दुहेरी नसते. बोलण्यासाठी कळ दाबली की तेवढा वेळ ऐकणे बंद होते. एकाच वेळी दोघांनी कळ दाबली तर तिसऱ्या ऐकणाऱ्यास शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो व दोन्ही संदेश विस्कटतात. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच वारंवारतेवरील सर्व वैमानिक एकमेकांचे बोलणे ऐकत असतात. एखाद्यास उतरण्याची परवानगी मिळाली, हे इतरांनाही कळते. त्यातून प्रत्येक वैमानिकाच्या मनात आसपासच्या वाहतुकीचे एक चित्र तयार होते.

लष्करी विमान यूएचएफवर आणि नागरी विमान व्हीएचएफवर असले की हे सामायिक चित्र दुभंगते. नियंत्रक आपला संदेश दोन्ही वारंवारतांवर एकाच वेळी पाठवू शकतो. त्यामुळे त्याचा आवाज दोघांनाही ऐकू येतो, पण दोघे वैमानिक एकमेकांना ऐकू शकत नाहीत. नियंत्रकाच्या प्रश्नाचे दुसऱ्याने काय उत्तर दिले हे पहिल्यास कळत नाही. यावर उपाय म्हणून दोन वारंवारता परस्परांशी जोडण्याची सोय काही ठिकाणी असते. एका वारंवारतेवर आलेले बोलणे त्यामुळे दुसरीवर आपोआप पुन्हा प्रसारित होते.

आवाज पोहोचला तरी अर्थ तोच पोहोचेल असे नाही. उंचीचेच उदाहरण घ्यावे. विमानाचा उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची दाखवितो, आणि त्यास आधारभूत दाब कोणता द्यावा याच्या दोन पद्धती आहेत. क्यूएनएच पद्धतीत समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते, तर क्यूएफई पद्धतीत विमानतळाच्या पृष्ठभागापासूनची. ब्रिटनच्या हवाई दलात दुसरी पद्धत दीर्घकाळ रूढ होती, तर जगभरातील नागरी वाहतूक प्रामुख्याने पहिली वापरते. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंचीवर आहे. अशा ठिकाणी एका वैमानिकाने एक व दुसऱ्याने दुसरी पद्धत वापरली, तर '४,००० फूट' या एकाच शब्दप्रयोगातून दोघांच्या प्रत्यक्ष उंचीत सुमारे १,९४० फुटांचा फरक पडेल. म्हणून उंचीचा आदेश देताना कोणता दाब अभिप्रेत आहे, हे सांगणे व वैमानिकाने ते उलट म्हणून दाखविणे हा शिस्तीचा अनिवार्य भाग आहे.

लढाऊ विमाने बहुधा गटाने उडतात. गटातील प्रत्येक विमान स्वतंत्रपणे बोलू लागले तर वारंवारता व्यापून जाईल. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नियंत्रित हवाई क्षेत्रात असा गट एकच विमान मानला जातो व नियंत्रकाशी केवळ गटप्रमुख बोलतो. गटातील विमानांनी प्रमुखापासून आडव्या अंतरात १ किलोमीटर आणि उंचीत ३० मीटर या मर्यादेत राहावे लागते. गटातील विमानांना एकमेकांपासून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी गटप्रमुखावर आणि त्या त्या वैमानिकांवर असते. गटास इतर वाहतुकीपासून दूर ठेवणे हे नियंत्रकाचे काम असते.

४. दुसरा स्तर : इलेक्ट्रॉनिक ओळख

आवाज ऐकू आला तरी बोलणारे विमान पडद्यावरील कोणता ठिपका आहे, हे नियंत्रकास ठरवावे लागते. प्राथमिक रडार केवळ परावर्तित लहरींवर अवलंबून असते. त्यास विमानाची दिशा व अंतर कळते. नाव आणि उंची कळत नाही. ही उणीव दुय्यम रडारने भरून निघते. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्स्पाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो.

या नागरी उपकरणाचा उगम लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते व शत्रूचे कोणते हे ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये जी यंत्रणा विकसित झाली, तिचेच हे पुढचे रूप होय. आजही दोन्ही व्यवस्थांमध्ये एक समान दुवा आहे. लष्करी परिभाषेतील 'मोड ३' आणि नागरी परिभाषेतील 'मोड ए' ही एकच गोष्ट आहे. नियंत्रक विमानास चार अंकी संकेतांक देतो. प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकी असल्याने एकूण ४,०९६ संकेतांक शक्य होतात. 'मोड सी' उंची कळवितो, तर 'मोड एस' प्रत्येक विमानाचा स्वतंत्र पत्ता देतो. काही संकेतांक सर्वत्र राखीव आहेत : अपहरणासाठी ७५००, रेडिओ बंद पडल्यास ७६०० आणि आणीबाणीसाठी ७७००. याखेरीज लष्करी विमानांत गुप्त स्वरूपाचे 'मोड' असतात. ते केवळ स्वपक्षाच्या यंत्रणांना वाचता येतात. नागरी नियंत्रकास त्यांचा उपयोग नसतो.

विमान स्वतःचे स्थान सतत प्रसारित करीत राहील अशी एडीएस-बी ही नवी पद्धतही आता रूढ झाली आहे. नागरी वाहतुकीस ती अतिशय उपकारक असली तरी लष्करासमोर तिने एक पेच उभा केला आहे. जे प्रसारण नियंत्रकास ऐकू येते ते साध्या संचाने कोणासही ऐकता येते. म्हणून संवेदनशील मोहिमांत लष्करी विमाने हे प्रसारण बंद ठेवतात. गुप्तता राखणे हे लष्कराचे कर्तव्य आहे आणि दिसणे ही नागरी सुरक्षिततेची गरज आहे. हा विरोध कोणत्याही उपकरणाने पूर्णतः मिटत नाही. कोणत्या उड्डाणात कोणत्या बाजूस झुकते माप द्यावयाचे, हे माणसांनाच आधी ठरवावे लागते.

५. तिसरा स्तर : जमिनीवरील समन्वय

लष्करी विमान सरावात असताना नागरी नियंत्रकाशी बोलत नसेल, तर त्याच्या वतीने कोणीतरी बोलत असले पाहिजे. हे काम जमिनीवरील केंद्रे करतात. राखीव क्षेत्र केव्हापासून केव्हापर्यंत व कोणत्या उंचीपर्यंत वापरले जाणार, हे 'नोटॅम' या सूचनापत्रकाने आगाऊ जाहीर केले जाते. प्रत्यक्ष वेळी नागरी व लष्करी नियंत्रक थेट दूरध्वनी जोडणीवरून बोलतात. लष्करी विमान राखीव क्षेत्रातून बाहेर पडून हवाई मार्गावर येणार असेल, तर आधी लष्करी नियंत्रक नागरी नियंत्रकास त्याची उंची, दिशा व संकेतांक कळवितो, संमती घेतो आणि त्यानंतरच वैमानिकास वारंवारता बदलण्यास सांगतो. विमान एका हातातून दुसऱ्या हातात देण्याच्या या क्रियेत ते क्षणभरही कोणाच्याच हाती नाही असे होता कामा नये.

कधी कधी याच्या उलट परिस्थिती उद्भवते आणि लष्करी विमानास थेट नागरी विमानाशी बोलावे लागते. अनोळखी किंवा प्रतिसाद न देणाऱ्या विमानाची ओळख पटविण्यासाठी लढाऊ विमान त्याच्याजवळ पाठविले जाते तेव्हा १२१.५ मेगाहर्ट्झवर संपर्क साधला जातो. दोघांची भाषा जुळत नसेल तर वापरावयाचे मोजके इंग्रजी शब्द आंतरराष्ट्रीय नियमांतच दिलेले आहेत. लढाऊ विमानाने 'फॉलो', 'डिसेंड', 'यू लँड', 'प्रोसीड' असे शब्द वापरावेत, तर समोरच्याने 'विल्को', 'कॅन नॉट', 'रिपीट' अशा शब्दांनी उत्तर द्यावे, अशी योजना आहे. रेडिओच बंद असेल तर पंख हलवून खूण केली जाते व समोरच्यानेही पंख हलवून होकार द्यावयाचा असतो.

६. भारतातील व्यवस्था

भारतात नागरी हवाई वाहतूक नियंत्रणाची जबाबदारी १९९५ साली अस्तित्वात आलेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. तथापि अनेक शहरांचे विमानतळ मुळात लष्करी तळ असून तेथे नागरी वाहतुकीसाठी स्वतंत्र आवार दिलेले आहे. लोहगाव हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील प्रवासी इमारत प्राधिकरणाची असली तरी धावपट्टी व नियंत्रण हवाई दलाचे आहे. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर हीच भूमिका 'आयएनएस हंसा' या तळाच्या रूपाने नौदल पार पाडते. तेथे कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या प्रशिक्षणासाठी राखले जात असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळापत्रकावर दीर्घकाळ मर्यादा राहिली. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यानंतर गोव्यास दुसरा पर्याय मिळाला. नागपूरच्या सोनेगाव येथे मात्र हवाई दलाचा तळ असूनही नियंत्रण नागरी प्राधिकरणाकडे आहे.

याचा अर्थ असा की, महाराष्ट्रात नागरी वैमानिक लष्करी नियंत्रकाशी आणि लष्करी वैमानिक नागरी नियंत्रकाशी बोलणे ही नित्याची बाब आहे. समजा, हवाई दलाचे एक मालवाहू विमान लोहगावहून सोनेगावला निघाले. उड्डाणाची परवानगी हवाई दलाचा नियंत्रक देईल, मार्गावर नियंत्रण नागरी प्राधिकरणाच्या मुंबई केंद्राकडे जाईल, आणि नागपुरात उतरण्याची परवानगी नागरी नियंत्रक देईल. दिल्लीहून पुण्यास येणाऱ्या प्रवासी विमानाचा अनुभव याच्या उलट असतो. सर्व मार्ग नागरी नियंत्रकांशी बोलत आलेले हे विमान शेवटच्या टप्प्यात हवाई दलाच्या नियंत्रकाच्या स्वाधीन होते. अशा वेळी दोघांची परिभाषा एक असणे ही सोयीची नव्हे, तर गरजेची बाब ठरते.

हवाई संरक्षणासाठी आणखी एक व्यवस्था आहे. हवाई संरक्षण ओळख क्षेत्रात उड्डाण करणाऱ्या विमानास 'एअर डिफेन्स क्लिअरन्स' नावाचा परवाना क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक नसलेले विमान पडद्यावर दिसल्यास त्यास अडविले जाण्याची शक्यता असते. नागरी केंद्रे आणि हवाई दल यांच्यात दुवा राहावा यासाठी लष्करी संपर्क कक्षांचीही योजना आहे.

समन्वयाचा विस्तृत अर्थ मात्र हवाई क्षेत्राच्या वाटपाशी निगडित आहे, आणि त्याचा कटू धडा भारतास १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे मिळाला. सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही विमाने हवेत एकमेकांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमाने नागरी सेवेतील होती. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले, हे अपघाताचे थेट कारण होते. परंतु त्या काळी दिल्लीभोवतालच्या हवाई क्षेत्राचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव असल्याने येणारी व जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून समोरासमोर ये-जा करीत होती. नियंत्रकाजवळ केवळ प्राथमिक रडार होते. त्यास विमानांची उंची दिसत नव्हती. एका वैमानिकाची चूक निभावून नेईल असे अंतर त्या व्यवस्थेत उरलेच नव्हते. अपघातानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्कर टाळणारी उपकरणे सक्तीची झाली.

पुढे हवाई क्षेत्राच्या लवचीक वापराची संकल्पना भारताने स्वीकारली. युरोपात ती १९९६ पासून अमलात आली होती. कोणतेही क्षेत्र कायमचे लष्करी वा कायमचे नागरी न मानता गरजेनुसार व वेळेनुसार वाटून घ्यावे, हे तिचे सूत्र आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशाचे केवळ ६० टक्के हवाई क्षेत्र मुक्तपणे उपलब्ध असल्याचे सांगितले. निर्बंध शिथिल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असेही त्यांनी नमूद केले. हा लाभ इंधन व वेळ यांच्या बचतीचा आहे. मात्र क्षेत्र जितके लवचीक, तितका त्याच्या सद्यःस्थितीविषयीचा संदेश वेळेवर पोहोचणे अधिक निकडीचे होते. कायमची भिंत सर्वांना पाठ असते. रोज सरकणारी भिंत कोठे आहे हे रोज सांगावे लागते.

७. संपर्क तुटतो तेव्हा

वर वर्णन केलेल्या तीन स्तरांचे महत्त्व पुढील तीन घटनांतून स्पष्ट होते.

पहिली घटना ६ जून १९७१ ची आहे. लॉस एंजलिसहून निघालेले ह्यूजेस एअरवेस्ट कंपनीचे डीसी-९ विमान आणि अमेरिकी मरीन दलाचे एफ-४ फँटम लढाऊ विमान यांची कॅलिफोर्नियातील डुआर्टेनजीक टक्कर झाली. प्रवासी विमानातील सर्व ४९ जण व लढाऊ विमानाचा वैमानिक मरण पावले. फँटममधील दुसरा अधिकारी हवाई छत्रीने बचावला. फँटमचा ट्रान्स्पाँडर नादुरुस्त होता आणि 'पाहा व टाळा' या नियमानुसार उडत असल्याने ते नागरी नियंत्रकाच्या संपर्कात नव्हते. म्हणजे आवाज आणि ओळख हे दोन्ही स्तर अनुपस्थित होते. केवळ डोळ्यांवर विसंबणे जेट विमानांच्या वेगापुढे अपुरे ठरले.

दुसरी घटना ३ जुलै १९८८ ची. इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले व २९० जण मृत्युमुखी पडले. येथे दुसरे टोक विमान नसून नौका होती, तरी संपर्काचा प्रश्न तोच होता. प्रवासी विमान मान्य हवाई मार्गावर होते, नागरी संकेतांक प्रसारित करीत होते व नागरी नियंत्रकांशी बोलत होते. नौकेने इशारे दिले. पण त्यांतील अनेक २४३ मेगाहर्ट्झ या लष्करी वारंवारतेवर होते. ती ऐकण्याची सोय त्या विमानात नव्हती. १२१.५ मेगाहर्ट्झवरील इशाऱ्यांत विमानास नावाने संबोधलेले नव्हते. शिवाय जो वेग सांगितला गेला तो जमिनीच्या सापेक्ष होता, तर वैमानिकासमोरील मापक हवेच्या सापेक्ष वेग दाखवितो. हा इशारा आपल्यालाच उद्देशून आहे, हे वैमानिकांना ओळखता येणे त्यामुळे कठीण होते. नागरी नियंत्रणाच्या नेहमीच्या वारंवारता ऐकण्याची सोय नौकेवर नव्हती. नौका व नागरी नियंत्रण केंद्रे यांत प्रभावी समन्वय नव्हता. शब्द उच्चारले गेले. संवाद झाला नाही.

तिसरी घटना अगदी अलीकडची आहे. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरणारे प्रवासी जेट आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जणांचा अंत झाला. येथे हेलिकॉप्टर संपर्कात होते, त्याचा ट्रान्स्पाँडर चालू होता आणि दोन्ही विमाने एकाच नियंत्रकाशी बोलत होती. पण ती भिन्न वारंवारतांवर होती. नियंत्रकाचे बोलणे दोघांना ऐकू येत होते, एकमेकांचे नव्हे. जेट विमानाच्या मागून जा, हा नियंत्रकाचा आदेश सुरू असताना हेलिकॉप्टरची बोलण्याची कळ सुमारे ०.८ सेकंद दाबली गेली होती. त्यामुळे त्या आदेशातील नेमके शब्द हेलिकॉप्टरपर्यंत बहुधा पोहोचले नाहीत, असे तपासात आढळले. हेलिकॉप्टरकडून एडीएस-बी प्रसारणही होत नव्हते. त्या मार्गावर हेलिकॉप्टरांसाठी कमाल २०० फुटांची मर्यादा होती. टकरीच्या वेळी हेलिकॉप्टरच्या रेडिओ उंचीमापकावर २७८ फूट नोंदले गेले. अशा कमी उंचीवर टक्कर टाळणारे स्वयंचलित उपकरण वर किंवा खाली जाण्याचा आदेश देत नाही. म्हणजेच सारी भिस्त आवाजावर व नजरेवर येऊन पडली होती.

या तिन्ही घटना एकत्र पाहिल्या असता एक क्रम दिसून येतो. पहिलीत संपर्कच नव्हता. दुसरीत संपर्काचा प्रयत्न होता, पण तो ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत व आकलनापर्यंत पोहोचला नाही. तिसरीत संपर्क होता, परंतु तो पूर्ण व सामायिक नव्हता. तंत्र पाच दशकांत खूप पुढे गेले. धोका नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. संपर्काच्या अभावाची जागा संपर्क झाल्याच्या समजुतीने घेतली.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, लष्करी विमाने व नागरी नियंत्रण यांतील संपर्क ही केवळ दोन रेडिओ संचांची जोडणी नाही. समान वारंवारता, समान संकेतांक व समान परिभाषा ही तिची साधने आहेत. विमान या क्षणी कोणाच्या जबाबदारीत आहे याविषयीचे एकमत हा तिचा गाभा आहे. तीनही स्तर परस्परांना पूरक असून एकातील उणीव इतर दोघांनी भरून काढावी अशीच त्यांची रचना आहे. जेथे एकाच स्तरावर विसंबले जाते, तेथे लहानशी त्रुटीही प्राणघातक ठरते.

भारताच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे. नागरी वाहतूक वाढत आहे, संरक्षणाच्या गरजा कमी होण्याची चिन्हे नाहीत, आणि आकाश मात्र तेवढेच आहे. त्याच्या लवचीक वापराचे धोरण योग्य असले तरी त्याचे यश मार्ग किती किलोमीटरने कमी झाले एवढ्यावर मोजता येणार नाही. नागरी व लष्करी नियंत्रकांचे संयुक्त प्रशिक्षण, रडारवरील माहितीची परस्परांना उपलब्धता आणि मिश्र वापराच्या विमानतळांवर सर्व वैमानिकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईल अशी व्यवस्था, या बाबींकडे तितक्याच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे. लोहगावच्या धावपट्टीलगत थांबलेल्या प्रवासी विमानातील माणसे ज्या काही मिनिटांच्या विलंबाने त्रस्त होतात, ती मिनिटे दोन यंत्रणांनी एकमेकींचे म्हणणे पूर्णपणे ऐकून घेण्यासाठी खर्च झालेली असतात. तेवढा वेळ देणे ही या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त सुरक्षितता होय.